सहा मोळ्या

"पाच कमीच पडतील," ती म्हणाली आणि कागदावरचा आकडा खोडून तिने सहा केला.

नवरा सोफ्यावर पाय पसरून बसला होता. "दाखव इकडे."

तिने कागद पुढे केला. जोडून आलेली तीन दिवसांची सुटी, शुक्रवारी संध्याकाळी तळ्याकाठी पोहोचायचं, सोमवारी संध्याकाळी निघायचं. रोजची शेकोटी, दोन वेळचा स्वयंपाक, चहा, लेकीचं दूध. प्रत्येकापुढे लाकडं किती, ते लिहिलेलं. कॉलेजात प्रयोगवही लिहायची तशी तिने यादी उतरवली होती.

त्याने ती वरून खाली वाचली. मग ओळीओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचली. चूक सापडली नाही, तसा तो हिरमुसला.

"बघ हं. तिथे लाकडं संपली, तर गाठ माझ्याशी आहे. मागच्या वेळचं आठवतंय ना?"

आठवत होतं. मागच्या वेळी मीठ घरी राहिलं होतं. मनगट सरळ व्हायला तीन आठवडे लागले होते.

"आठवतंय," ती म्हणाली.

"एवढं काय घाबरायचं?" सासूबाई आतून म्हणाल्या. "जंगलात चाललाय. तिथे लाकडांना काय तोटा?"

"तिथे काडी उचलायलाही बंदी आहे, आई," ती म्हणाली. "विकत घ्यावी लागतात."

सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून या खेपेला त्या बरोबर नव्हत्या. नाहीतर तिघं कुठेही निघाली की चौथ्या त्या असायच्याच.

शुक्रवारी लाकूडवाली मावशी खेचरावर मोळ्या लादून तळ्याकाठच्या तंबूपाशी आली, तेव्हा ऊन उतरत होतं. तळ्यावर दुसरं कुणी नव्हतं. नवऱ्याला शेजार आवडत नसे.

"सहाच?" मावशीने दोरी सोडता सोडता विचारलं. "अहो बाई, आठ तरी घ्या. इथला गारठा लाकडं खातो."

"हिनं हिशोब केलाय," नवरा म्हणाला. "शिकलेल्या आहेत बाईसाहेब. सहा म्हणजे सहा."

"आणि संपलीच तर?" तिने विचारलं.

"तर वखारीत यायचं. ती काय, टेकडीच्या डोक्यावर. गाडी जात नाही, पायवाट आहे. चढायला अर्धा तास, मोळी घेऊन उतरायला त्याहून जास्त. आणि सोमवारी खेचराची सुटी असते, बरं का! ते माझ्यापेक्षा शहाणं आहे." मावशी स्वतःच खळखळून हसली.

"झाल्या चौकश्या?" नवरा म्हणाला. मावशी हसायची थांबली. तिने एकवार बायकोकडे, एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि खेचराला टिचकारी मारली.

शनिवारी सकाळी त्याला आंघोळीला कढत पाणी हवं झालं. दोन बादल्या. ती डोळे चोळत विस्तव फुंकत बसली. रविवारी पुन्हा दोन. येता-जाता तिची नजर ढिगाकडे जाई. हाताला चाळा लागल्यासारखी ती लाकडं मोजत राही.

"आई, किती आहेत?" चार वर्षांची लेक विचारी.

"पुरतील गं."

"सारखी काय मोजतेस?" नवरा एकदा म्हणाला. "नजर लागून वाढणार आहेत का?"

रविवारी संध्याकाळी शेकोटी लवकर बसली. तो जांभया देत उठला. तिने ढिगाकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा मोजलं. अजून सात लाकडं होती.

"थोडा वेळ चालू ठेवू का?" तिने भीत भीत विचारलं. "पोरीचे पाय गार पडलेत."

"ठेव. पण उद्याचं उद्या तुला बघायचंय, लक्षात असू दे."

एकेक करत तिने पाच लाकडं सारली.

सोमवारी सकाळी तळ्यावर धुकं होतं. चहा झाला आणि चूल विझली. ढिगाच्या जागी साल आणि भुसा तेवढा उरला होता.

"पाणी तापलं का?"

तो तंबूतून बाहेर आला, चुलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिने आपोआप हात चेहऱ्यापुढे धरला.

"संपली?"

"चुकले मी. मी जाते वर. धावत जाऊन आणते."

"तू? एकटी जाणार?" तो तिच्या अगदी जवळ आला. "वखारीत गप्पा छाटायला? एवढीशी यादी जमत नाही, म्हणे शिकलेली. आलो की बघतो तुझ्याकडे. इथून हलायचं नाही."

गाडीची किल्ली त्याने खिशात टाकली. दोन्ही फोनही टाकले. मग शिव्या घालत पायवाटेला लागला.

तो वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली. आणखी शंभरपर्यंत आकडे मोजले आणि मग ती तंबूत शिरली. लेकीला उठवून तिने तिच्या पायात बूट चढवले.

"बाबा कुठे गेले?"

"लाकडं आणायला."

"आणि आपण?"

"आपण बसने जायचं. चल, पटकन."

जंगलाच्या फाटकासमोरून सकाळची बस जायला वीस मिनिटं होती. त्याला परतायला तासाच्या वर लागणार होता. ती लेकीला कडेवर घेऊन धुक्यातून झपाझप निघाली, मागे न बघता.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि कढत पाणी बादलीत कुठून येतं, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणूनच यादीवर दोनदा बोट फिरवूनही, तिने त्यात त्याच्या आंघोळीचं एकही लाकूड धरलेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.