गाडीची साक्ष

सकाळी अकरा वाजता पार्किंग दंडाच्या सुनावणीत दिनकर गुरव यांच्या गाडीला साक्षीसाठी पुकारण्यात आलं. हरकत त्यांच्या पत्नीने, शालनने, घेतली होती.

"मला दवाखान्याच्या दारात सोडून हे तासभर जागाच शोधत फिरत होते," ती म्हणाली. "गाडी उभीच नव्हती, तर दंड कसला?"

"मालक विसरतात, काकू. गाडी विसरत नाही," कारकून हसला.

"शालन, भरून टाकू गं," दिनकर पुटपुटला.

गाडी म्हणाली, "दवाखान्यामागे बावन्न मिनिटं उभी होते. मालक आतच बसले होते. 'गाठीचा रिपोर्ट ऐकायची हिंमत नाही,' असं दोनदा म्हणाले."

तो रिपोर्ट शालनने एकटीने ऐकला होता.

दंड कायम झाला. साडेबाराला शालन बसथांब्यावर होती. दहा पावलांवर दिनकर मान खाली घालून उभा होता. पहिली बस तिने सोडली.