आरोळी

स्टुडिओच्या खुलाशात दोन विधाने आहेत. पहिले: चित्रीकरणात वापरलेली तलवार बांबूचीच होती. दुसरे: जखमी सहकलाकार इनुई तोराकिची हा नेमून दिलेली जागा सोडून, स्वतःच्या चुकीने, पुढे सरकला.

बांबूने हात खांद्यापासून तुटत नाही. पहिल्या विधानाला एवढे पुरे. दुसऱ्याचे उत्तर नदीच्या पात्रातच पडले होते: खडूची खूण केलेला दगड, आणि त्यावर तोराकिचीची गवती चप्पल, जागची न हललेली.

त्या सकाळी क्योतोबाहेरच्या पात्रात भटक्या जुगाऱ्याच्या सूडाचे शेवटचे दृश्य होते. नायक हियामा, सगळ्यांचे 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी, वेताची रुंद टोपी आणि प्रवासी झगा चढवून उभे होते. बांबू उन्हात चमकत नाही, म्हणून दिग्दर्शकाने पोलाद मागवले होते. तोराकिचीला ते म्यानातून निघतानाच्या आवाजावरून कळले. वीस वर्षे तो पडद्यावर मरत आला होता. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"खरी आहे रे," मागच्या दगडावरून कुमेदा पुटपुटला. "आणि मघाशी सेन्सेईंनी वाकून नमस्कार कोणाला केला, पाहिलंस? कॅमेऱ्याच्या तिपाईला."

"हळू बोल."

"तू सांग ना त्यांना. आपल्यात वडीलधारा तू."

"काय सांगू? तुम्हाला दिसत नाही म्हणून? सगळ्यांदेखत?"

सेन्सेईंची नजर गेल्याचे प्रत्येक सहकलाकाराला ठाऊक होते आणि ते कोणीही उच्चारत नसे. त्याऐवजी वार झेलणारा अर्धा क्षण आधी आरोळी ठोके. सेन्सेई आवाजाचा माग घेत आणि वीतभर अलीकडून तलवार फिरवीत. अंदाज चुकला की बरगडीवर वळ उठे. प्रेक्षक त्या आरोळीला शौर्य समजत. पडद्यावरच्या ज्या इमानासाठी लोक तिकिटे काढत, ते या स्टुडिओत एवढ्यापुरतेच शिल्लक होते.

"इनुई, आज जरा जीव ओतून मरा," दिग्दर्शक म्हणाला. दोघे-तिघे हसले. कॅमेरा सुरू झाला.

गप्प राहावे, असे तोराकिचीला पहिल्यांदाच वाटले. पण गप्प राहिले तर आंधळा वार कुठेही जाणार, आणि मागे हाताच्या अंतरावर कुमेदा होता. खडी तुडवत पावले जवळ आली. टोपीखालचा चेहरा किंचित कलला. डोळे नव्हे, कान त्याच्याकडे वळला.

तोराकिची ओरडला.

खुलाशात या आरोळीचा उल्लेख नाही. हियामा यांनी पोलिसांपुढे दिलेल्या जबानीत आहे, तो शब्दशः असा: "मला तो दिसत नव्हता. चार वर्षं झाली, समोरचा कोणीच दिसत नाही. हातात पोलाद होतं, म्हणून मीही घाबरलो होतो. आवाज आला नसता, तर मी हात उचललाच नसता."