दाजींचा तुकडा

उत्स्फूर्तता ही मानवी स्वातंत्र्याची सर्वोच्च अवस्था आहे, असं कप्तानाचं ठाम मत होतं. ही अवस्था दर गुरुवारी गाद्यांच्या दुकानामागच्या गोदामात यायची, कारण गुरुवारी दुकानाला सुट्टी असे.

तिथे चौघांचा बँड साल्साचा, म्हणजे लॅटिन अमेरिकी नाचाच्या संगीताचा, सराव करायचा. बँडचा म्होरक्या म्हणून कप्तान, तो ट्रम्पेट वाजवायचा. एरवी तो मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे ओरडायची सवय दोन्हीकडे कामाला यायची. बास गिटारवर दातांचे डॉक्टर. कोंगा या उंच ढोलावर दुकानाचा मालक. आणि कीबोर्डवर मालकाच्या बहिणीचा नवरा, पाणीपट्टी खात्यातला कारकून. मेहुण्याचं ऐकून ऐकून त्याला सगळेच दाजी म्हणायचे.

साल्सात पियानोवाल्याचं काम सोपं असतं. एक छोटासा तुकडा गोल गोल वाजवत राहायचा. त्या तुकड्यावर उभं राहून बाकीचे आपापल्या मनातलं वाजवतात. दाजी हा तुकडा मुलगी पहिलीत होती तेव्हापासून वाजवत होते. आता ती नोकरीला लागली होती.

मनातलं दाजींकडेही होतं. घरी हेडफोन लावून ते त्याचा सराव करायचे. घरच्यांना नुसती पट्ट्यांची टकटक ऐकू यायची. ऑफिसात बोटं काउंटरवर चालायची आणि रांगेतल्या लोकांना वाटायचं, साहेबांना घाई आहे. दाजींचा सोलो आजवर जगात एकाच माणसाने ऐकला होता, आणि तो माणूस काही निःपक्षपाती नव्हता.

शनिवारी एका हॉटेलात बँडचा पहिला कार्यक्रम होता. त्याआधीच्या गुरुवारी दाजी म्हणाले, "कप्तान, परवा एक सोलो मला द्या."

डॉक्टरांनी बासच्या खुंट्या उगाचच पिळल्या.

"घ्या की," कप्तान म्हणाला. "पण मग तुकडा कोण वाजवणार? मी? मला तोंड एकच आहे."

"तुम्ही हात उचललात की सगळं बसतं, दाजी," मेहुणा म्हणाला. "मागे तुम्हाला शिंक आली होती, आठवतंय ना?"

सगळ्यांना आठवत होतं. त्या एका शिंकेत अख्खा बँड आडवा झाला होता.

दाजींनी याचाही विचार केला होता. त्यांनी खिशातून फोन काढला. तुकडा घरूनच रेकॉर्ड करून आणला होता. सलग, न चुकता, न शिंकता. फोन त्यांनी स्पीकरला जोडला आणि गाद्यांच्या चळतीवर ठेवला.

तुकडा सुरू झाला. त्यात डॉक्टरांचा बास आला, मग कोंगा आला. आणि दाजींचे हात पहिल्यांदाच मोकळे झाले. त्यांनी खालच्या पट्ट्यांवर दोन सूर टाकले, तिसरा मुद्दाम उशिरा टाकला, जिना उतरताना शेवटची पायरी सापडू नये तसा. मग ती पायरी सापडली आणि दाजी धावत सुटले. कुठे चाललोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याचाच तर इतकी वर्षं सराव केला होता.

थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले. तिघंही फोनकडे बघत होते.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "काय घट्ट धरलंय! जरा म्हणून हललं नाही."

"कोण, मी?"

"फोन. म्हणजे तुम्हीच हो. त्यातले."

कप्तानाने घसा साफ केला. "दाजी, कसं सांगावं, याच विचारात होतो मी. हॉटेलवाल्याने जागा दाखवली. लिफ्ट आणि सॅलडचं टेबल, त्यांच्या मधे. तिघं कसेबसे मावतील. तुमचा कीबोर्ड पडतो आडवा. दाजींशिवाय बँड उभा राहत नाही, म्हणून मी नकोच म्हणणार होतो त्याला. पण तुम्हीच मार्ग काढलात की!"

"म्हणजे मी नाही."

"नाही कसे? आत आहात ना." कप्तानाने फोनवर बोट ठेवलं.

"आणि सोलो?"

"सोलो एकदम वेगळा झाला," मेहुणा म्हणाला. "ताईला ऐकवा एकदा."

शनिवारी संध्याकाळी मेहुणा फोन न्यायला आला. दाजींनी चार्जर दिला, वायर दिली. "फ्लाइट मोडवर ठेव. मधेच कुणाचा फोन आला तर तुकडा थांबेल." मेहुणा दुकानाची किल्ली दुकानातच विसरून कुलूप लावणाऱ्यांपैकी होता, म्हणून दाजींनी हे तीनदा सांगितलं.

तो गेल्यावर दाजी कीबोर्डवर बसले. आज पहिल्यांदाच हेडफोनशिवाय. बायको इस्त्री करत होती. तिने बराच वेळ ऐकलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण याच्या खाली काहीतरी असतं ना?"

"असतं. ते कार्यक्रमाला गेलंय."

दाजी आणखी थोडं वाजवून थांबले. घड्याळाकडे पाहिलं. एव्हाना लिफ्टशेजारी तुकडा सुरू झाला असणार. फोन वाजला की तुकडा थांबणार. तुकडा थांबला की बँड बसणार. आणि सॅलड खाणाऱ्या लोकांसमोर कुणीतरी म्हणणार, दाजी हवे होते. त्यांनी इस्त्रीच्या टेबलावरचा बायकोचा फोन उचलला.

"अहो, कुणाला लावताय?"

"मलाच."

त्यांनी फोन कानाला लावला आणि वाट पाहिली. मेहुणा सांगितलेलं कधीही लक्षात ठेवत नसे. आज त्याने ठेवलं होतं.