पिठावरचा पंजा

नवसाबाईंनी प्राण सोडला त्या जागी पीठ पसरून, दिवा लावून वर टोपली झाकली होती. माणूस कुठल्या जन्माला गेलं, त्याची खूण पिठात उमटते म्हणतात. रामकुंडावर दहावा उरकून आल्यावर मुलाने, प्रफुल्लने, टोपली उचलली. पीठ कोरंच होतं.

"सुटली आई," तो म्हणाला.

त्याची बायको संजना पोळ्या करायला आत गेली. सासूबाई रोज डब्यातल्या पिठावर पंजा दाबून ठेवायच्या. सुनेने न विचारता काढलं तर कळावं म्हणून.

सकाळीच गिरणीतून आणून भरलेला डबा तिने उघडला. वर पंजा उमटला होता. करंगळी त्यांच्यासारखीच वाकडी.

तिला काहीच वाटलं नाही. सासूबाईंच्या रिकाम्या खाटेकडे वळून तिने सवयीने विचारलं, "आई, पीठ घेऊ का?"

होकार आला, तशी तिने परात पुढे ओढली.