ऐकणाऱ्याचं नाव

"मोठ्याने वाच," सुमिरा म्हणाली. हातातला डाव गुडेगच्या, म्हणजे फणसाच्या गोडसर भाजीच्या पातेल्यात, कान मुलाकडे.

लुकितो आईच्या खाण्याच्या गाड्यामागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसला होता. खेड्यापाड्यांतल्या बाळांच्या लसींची नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम होता. दहा-बारा जण तो हौसेने सांभाळत. कोणीही यावं, सुधारणा पाठवावी. यावं म्हणायचे खरं, पण दोन मुली आल्या आणि आपल्या सुधारणांवरची लुकितोची उत्तरं वाचून निघून गेल्या. म्हणून गेल्या आठवड्यात सगळ्यांनी मत देऊन नियमच केला : उत्तर आधी घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि खाली ऐकणाऱ्याचं नाव घालायचं. मांजर चालणार नाही, असंही कोणीतरी लिहिलं होतं. लुकितोच्या मते हा निव्वळ पोरखेळ. पण नावाशिवाय उत्तर जातच नव्हतं.

आजचं उत्तर वेनिंग नावाच्या मुलीला होतं. तिने लिहिलं होतं, 'ही माझी तिसरी खेप. आता नाही जमलं तर मी थांबते.'

त्याने भराभरा वाचलं, "सहा ओळींचं काम एकोणीस ओळींत? डोकं गहाण टाकून लिहिलंय का? आम्हाला दुसरे उद्योग नाहीत असं वाटतं का?"

सुमिराचा डाव थांबला. "कोण रे तो मेला? तुला असं बोलतो? नंबर दे त्याचा, चांगली खरडपट्टी काढते!"

एक ओळ राहिली होती.

"वाच की पुढे."

"पुढच्या वेळी नवऱ्याकडून नाहीतर भावाकडून तपासून घ्या."

समोर गिऱ्हाईक केळीचं पान धरून उभं होतं, ते तसंच राहिलं. सुमिराला आधी लाज वाटली, मग राग आला.

"म्हणजे हे तू लिहिलंस."

"अगं आई, तिथे सगळे असंच बोलतात."

"बोलू देत. ह्याच्याखाली माझं नाव घालायचं नाही." तिने डाव आपटला. "त्या मुलीने केलंय तरी काय?"

"आईला एकच नाव असलं की प्रोग्रॅम तिच्या बाळाची नोंद घेत नव्हता. आडनाव मागायचा. आता घेतो."

"एकच नाव? म्हणजे माझ्यासारख्या, आडनावच नसलेल्या बायकांची?"

"हो."

"आणि तुम्हा शहाण्यांना हे सुचलं नव्हतं?"

"नाही," लुकितो पुटपुटला.

"मग ते आधी लिही."

त्याने सगळं खोडलं. बराच वेळ टाईप केलं आणि सावकाश वाचलं, "वेनिंग, एकच नाव असलेल्या बायकांची बाळं आता नोंदली जातील. आम्हाला हे कधी सुचलं नव्हतं. एकोणीस ओळींच्या सहा होतील, कशा ते खाली दाखवलंय. थांबू नका."

सुमिराने गिऱ्हाइकाच्या पानावर भात वाढला, वर अंडं ठेवलं.

"आता घाल माझं नाव."