पहिली दुनळी

“पहिलीच आहे ना? मग दुनळी घ्या, साहेब.” दयानंदने बंदूक मधोमध मोडून दोन्ही नळ्या मधुसमोर धरल्या. “उघडली की भरलीय की रिकामी, ते डोळ्यांनी दिसतं. घाबरलेल्या माणसाला तेवढंच सुचतं.”

आखातातल्या बौशरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत ही नेमबाजीची रेंज होती. लष्करातून निवृत्त झालेला साताऱ्याचा दयानंद तिथे शिकवायचा. मधु आणि सुरेखा अल् घुब्र्याहून दर शुक्रवारी येत.

कंपनीने यंदा माणसं कमी केली, त्यात मधुचं नाव लागलं. महिनाअखेर व्हिसा खलास. गुहागरच्या घरी परतण्यावाचून इलाज नव्हता. इथे मधे समुद्र तरी होता.

शेजाऱ्यांना मधु सांगे, रिकामपणी छंद हवा, तबकड्या उडवू. दयानंदला मात्र त्याने सांगितलं होतं. मे महिन्यात दोघं सुट्टीवर गुहागरला गेले असताना एक जण मागच्या दाराने घरात शिरला. मधुचं मनगट मोडलं. सुरेखाच्या कानातलं ओरबाडताना पाळी फाटली.

“पोलिसांत दिलंत ना?”

“नाही.”

“का हो?”

मधु नुसता नळ्यांतून आरपार बघत राहिला.

“निदान कुत्रा पाळा.”

“आहे. पण त्याच्यावर नाही भुंकत,” सुरेखा बोलून गेली.

मधुने तिच्याकडे पाहिलं. “म्हातारा झालाय कुत्रा,” तो घाईने म्हणाला.

“असू दे. नुसती बंदूक बघूनच पळतात चोर.”

“हा नाही पळायचा.”

दयानंदने सुरेखाच्या हाती बंदूक दिली, दस्ता खांद्याशी नीट टेकवला. मातीची तबकडी आभाळात उडाली. सुरेखाने चाप ओढला, दणका बसून ती मागे झुकली. तबकडीचा भुगा झाला होता.

“वा, वहिनी! हात स्थिर आहे तुमचा.”

तिला हसू आलं नाही. खांदा चोळत तिने हळूच विचारलं, “भाऊ, पायांवर मारता येईल ना? फक्त पायांवर?”

दयानंदने बंदूक तिच्या हातातून काढून घेतली. “छऱ्यांना पाय कळत नाहीत, वहिनी. समोरचा मेला तरी चालेल, अशी मनाची तयारी असेल तरच रोखा. नाहीतर घेऊच नका.”

उत्तर मधुने दिलं. “हीच घेऊ. गेल्या गेल्या लायसन्सच्या मागे लागतो.”

बाहेर गाडी भट्टीसारखी तापली होती. मधुने एसी लावला, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघताच त्याचा चेहरा उतरला.

“त्याचाच आहे,” तो कुजबुजला. “मी नाही बोलणार.”

फोन वाजतच राहिला. शेवटी सुरेखाने तो घेतला, पदराने डोळे टिपले आणि आवाज होईल तेवढा मऊ केला.

“हॅलो, आई बोलतेय. हो रे, महिनाअखेर कायमचे येतोय आम्ही. जेवलास का, बाळा?”