बारावं उत्तर

तिने बनवलेले स्मोक डिटेक्टर रोज सकाळी दहाला स्वतःच स्वतःची परीक्षा घेत. प्रत्येक डिटेक्टर एकदा वाजे, आपलाच आवाज ऐके आणि तिच्या संगणकाला ‘ठीक’ म्हणून कळवी.

चाचणीच्या खोलीत छताला डिटेक्टर होते अकरा. ‘ठीक’ मात्र बारा येत.

“मोजण्यात चूक असेल. चाचणीच्या अहवालावर सही कर आणि मोकळी हो,” साहेब म्हणाले. “उद्या माल जायचाय.”

“लोक यांच्या भरवशावर डोळे मिटणार आहेत, साहेब. बारावा कुठंय ते कळल्याशिवाय सही नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर!”

दुसऱ्या दिवशी तिने अकराही डिटेक्टर उतरवले आणि त्यांचे सेल काढून टाकले. दहा वाजले. खिडकीशेजारच्या भिंतीतून डिटेक्टरचा आवाज आला. पडद्यावर एकच ओळ उमटली: ‘बारा. धूर.’

साहेब दाराकडे धावले. “च... चल बाहेर!”

तिने भिंतीला हात लावला. भिंत तापली होती. पलीकडे तर काहीच नव्हतं. तिसरा मजला, बाहेर नुसती हवा.

“तुम्ही व्हा पुढे,” तिने हातोडा उचलला. “मी बघितल्याशिवाय हलायची नाही.”

तिने घाव घातला. लगेच पलीकडून, नेमक्या त्याच जागी, कुणीतरी घाव घातला.